शिळाछापाची राजाशी झुंज : पॅरिसच्या ओबेर-फिलिपों चित्रपेढीची वाटचाल

व्हेरो आणि दोदा या दोन मांसविक्रेत्यांनी 1826 साली पॅरिसच्या मध्यभागी काचेच्या छपराची एक देखणी बाजारगल्ली बांधली. 1829 मध्ये त्या गल्लीत गाब्रिएल ओबेर यांनी छापील चित्रांचे दुकान थाटले. दुकानावर नाव ओबेर यांचे होते. चित्रकार निवडणे, त्यांना विषय सुचवणे, चित्राखालच्या ओळी लिहिणे आणि पुढे कोर्टकचेऱ्या अंगावर घेणे, हा सारा भार मात्र त्यांचे मेहुणे शार्ल फिलिपों यांनी उचलला. एकोणिसाव्या शतकात राजाला चित्रातून जाब विचारण्याची जी परंपरा फ्रान्सने उभी केली, तिचे मुख्य ठाणे या दोघांची ही पेढी होती.

फिलिपों यांचा जन्म 1800 सालचा, ल्योंचा. वडील भिंतीवर चिकटवायच्या नक्षीदार कागदाच्या व्यवसायात होते, त्यामुळे चित्र, छपाई आणि बाजार यांचा मेळ मुलाने घरातच पाहिला. पॅरिसला येऊन त्यांनी ग्रो या नामवंत चित्रकाराच्या कार्यशाळेत काही काळ शिक्षण घेतले आणि पोटापाण्यासाठी शिळाछापाची चित्रे काढली. चित्रकार म्हणून ते पहिल्या रांगेतले नव्हते. दुसऱ्याच्या हातातले सामर्थ्य ओळखून त्याला कामाला लावण्यात मात्र त्यांचा हात धरणारा त्या काळच्या पॅरिसमध्ये कोणी नव्हता.

पेढीची सारी मदार शिळाछापावर होती. बव्हेरियातील आलोइस झेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे तंत्र शोधले. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, शिळा ओली करायची आणि तिच्यावर शाईचा रूळ फिरवायचा. पाणी शाईला दूर ठेवते आणि तेलकट रेघ ती धरून ठेवते. तांब्याच्या पत्र्यावर कोरीवकाम करायला कुशल कारागिराला कित्येक दिवस लागत. शिळेवर चित्रकार स्वतःच्या हाताने, कागदावर काढावे तसे काढू शके, आणि सकाळची घटना चार-दोन दिवसांत चित्र होऊन दुकानात लागे. चित्रे काळ्या शाईत छापली जात आणि रंगीत प्रत हवी असेल तर रंग हाताने भरले जात. याच तंत्राने मराठी मुद्रणालाही हात दिला. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले ते 1831 साली, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये फिलिपों राजाच्या चित्रावरून न्यायालयात उभे होते.

पहिले पाऊल : 1829 ते 1830

पेढी सुरू झाली तेव्हा गादीवर बूर्बों घराण्याचे शार्ल दहावे होते. धर्मगुरूंच्या कलाने चालणारा राजा अशी त्यांची प्रतिमा होती आणि वृत्तपत्रांवर सरकारची करडी नजर होती. फिलिपों यांचा सहभाग असलेल्या ‘ला सिल्हुएत’ या सचित्र साप्ताहिकात 1830 च्या वसंतात एक लहानसे चित्र आले. जेझुइट पाद्र्याच्या वेषातली ती मूर्ती कोणाची, हे सांगण्याची गरज नव्हती. चित्र छापल्याबद्दल साप्ताहिकाच्या संपादकांना शिक्षा झाली. राजाचे नाव न घेता राजा दाखवता येतो हे या चित्राने सिद्ध केले, आणि सरकारला नाव नसले तरी चेहरा ओळखता येतो हेही.

त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस शार्ल दहाव्यांनी वृत्तपत्रस्वातंत्र्य गुंडाळणारे फर्मान काढले. 27 ते 29 जुलै असे तीन दिवस पॅरिस रस्त्यावर उतरले आणि राजाला पायउतार व्हावे लागले. 9 ऑगस्टला ऑर्लेआँ घराण्याचे लुई-फिलिप ‘फ्रेंच जनतेचे राजे’ म्हणून गादीवर बसले. सुधारलेल्या सनदेत नागरिकांना आपली मते छापण्याचा हक्क मिळाला आणि सेन्सॉरशिप पुन्हा कधीही आणली जाणार नाही अशी हमी देण्यात आली. पेढीने या हमीवर विश्वास ठेवला. 4 नोव्हेंबर 1830 रोजी ‘ला कारिकातूर’ हे साप्ताहिक निघाले. दर गुरुवारी चार पाने मजकूर आणि सोबत बहुधा दोन स्वतंत्र शिळाछाप चित्रे असा त्याचा घाट होता. वार्षिक वर्गणी 52 फ्रँक असल्याने ते मजुराच्या खिशाला परवडणारे नव्हते. तरीही ओबेर यांच्या दुकानाची खिडकी सर्वांसाठी खुली होती. अंक घेऊ न शकणारे लोक तिथे उभे राहून चित्रे पाहत, एकमेकांना अर्थ सांगत आणि हसत.

या उभारणीत अनेकांचे हात लागले. कादंबरीकार बाल्झाक यांनी सुरुवातीच्या अंकांसाठी टोपणनावांनी भरपूर लिहिले. माणसांना पशुपक्ष्यांची रूपे देणारे ग्राँविल, मायो नावाचे कुबडे पात्र लोकप्रिय करणारे त्राविएस, तसेच दकाँ, राफे आणि आंरी मोन्निए हे चित्रकार पेढीशी जोडले गेले. मार्सेयहून पॅरिसला आलेला, काच बसवणाऱ्या कारागिराचा मुलगा ओनोरे दोमिए हाही त्यांच्यात होता. तेव्हा त्याने जेमतेम विशी ओलांडली होती.

नासपती आणि न्यायालय : 1831 ते 1832

नवा राजा आश्वासने विसरतो आहे अशी भावना काही महिन्यांतच पसरली. फेब्रुवारी 1831 मध्ये फिलिपों यांनी राजाला साबणाचे फुगे उडवताना दाखवले. प्रत्येक फुग्यावर जुलै क्रांतीतले एकेक वचन होते. हे चित्र जप्त झाले. पुढे जूनमध्ये राजा गवंडी होऊन भिंतीवरच्या जुलैच्या खुणा गिलाव्याने बुजवतो आहे असे चित्र आले. त्यावरून राजाच्या व्यक्तीचा अवमान केल्याचा खटला भरला गेला.

14 नोव्हेंबर 1831 रोजी ज्यूरींपुढे फिलिपों यांनी केलेला बचाव व्यंगचित्राच्या इतिहासात अजरामर ठरला. चित्रात राजाचे नाव नाही आणि राजचिन्हही नाही, केवळ साम्य आहे, असा त्यांचा मुद्दा होता. साम्य हाच गुन्हा असेल तर तो कुठवर ताणला जाईल हे दाखवण्यासाठी त्यांनी चार आकृत्या काढल्या. पहिली लुई-फिलिप यांच्या भरदार गालांची होती. दुसरी आणि तिसरी पायरीपायरीने बदलत गेली, आणि चौथी म्हणजे चक्क एक नासपती. यातल्या नेमक्या कोणत्या आकृतीपाशी शिक्षा सुरू होते, हा त्यांचा प्रश्न होता. ज्यूरींनी त्यांना दोषी धरले. सहा महिने कैद आणि 2,000 फ्रँक दंड अशी शिक्षा झाली. दंडाच्या रकमेची सोय करण्यासाठी पेढीने त्याच चार आकृत्या छापून विकायला काढल्या.

निकाल सरकारच्या बाजूने लागला होता, परंतु नासपती आता साऱ्या शहराची झाली. पॅरिसच्या भिंतींवर पोरेटोरे खडूने आणि कोळशाने नासपती काढू लागली. जून 1832 मध्ये फिलिपों यांनी, सोळाव्या लुईचा जिथे शिरच्छेद झाला त्या चौकात नासपतीचे भव्य स्मारक उभारण्याचा काल्पनिक आराखडा छापला. यात राजहत्येची चिथावणी आहे असा आरोप आला, तेव्हा चिथावणी असलीच तर ती मुरांबा करण्याची आहे, असे उत्तर त्यांनी दिले. एकामागून एक खटल्यांमुळे फिलिपों यांना एकूण वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. तिथूनही चित्रांच्या कल्पना आणि मजकूर बाहेर येत राहिला आणि साप्ताहिकाचा अंक चुकला नाही.

डिसेंबर 1831 मध्ये दोमिए यांचे ‘गार्गांत्युआ’ हे चित्र दुकानाच्या खिडकीत लागले. राब्लेच्या कथेतल्या अवाढव्य खादाड राक्षसाच्या रूपात राजा खुर्चीवर बसला आहे. गोरगरीब टोपल्या भरभरून नाणी आणत आहेत, ती एका फळीवरून त्याच्या तोंडात चढवली जात आहेत, आणि खुर्चीखालून मानपत्रे व पदव्या बाहेर पडत आहेत, ज्या गोळा करायला दरबारी धावत आहेत. पोलिसांनी चित्र जप्त केले आणि दोमिए यांच्याबरोबर ओबेर व मुद्रक दलापोर्त यांच्यावरही खटला चालला. दोमिए यांना सहा महिने कैद आणि 500 फ्रँक दंड झाला. शिक्षेची अंमलबजावणी काही काळ लांबली. तरीही त्यांचा खडू थांबला नाही, आणि ऑगस्ट 1832 च्या अखेरीस त्यांना सेंत-पेलाजी तुरुंगात नेण्यात आले. उरलेली शिक्षा डॉ. पिनेल यांच्या शुश्रूषागृहात भोगून 1833 च्या सुरुवातीला ते बाहेर आले.

विस्तार आणि कसोटी : 1832 ते 1835

खटले वाढले तसा पैशाचा प्रश्न गंभीर झाला. त्यावर पेढीने वर्गणीदारांच्या बळावर तोड काढली. 1832 च्या उन्हाळ्यात ‘मासिक मंडळ’ स्थापन झाले. दरमहा एक फ्रँक भरणाऱ्या सभासदाला मोठ्या आकाराचे, उत्तम कागदावर छापलेले एक चित्र मिळे, आणि त्या निधीतून दंडाची भरपाई होई. ऑगस्ट 1834 पर्यंत या योजनेत 24 चित्रे निघाली. त्यांत दोमिए यांची काही सर्वश्रेष्ठ चित्रे आहेत. जानेवारी 1834 च्या ‘विधिमंडळाचे पोट’ या चित्रात बाकांवर पसरलेले सुस्त प्रतिनिधी रांगेने दिसतात. त्यांच्या चेहऱ्यांचा अभ्यास करण्यासाठी फिलिपों यांनी दोमिए यांच्याकडून आधी मातीचे छोटे अर्धपुतळे करवून घेतले होते. व्यंगचित्र म्हणजे मनाला येईल तसे नाक लांब करणे नव्हे, माणूस आधी नीट पाहिला पाहिजे, हा या पेढीचा दंडक होता.

1 डिसेंबर 1832 रोजी पेढीने आणखी मोठे धाडस केले आणि ‘ल शारिव्हारी’ हे दैनिक काढले. लोकांना न रुचणाऱ्या लग्नाच्या दारी भांडी बडवून गोंगाट करण्याची फ्रान्सच्या खेड्यांतली जुनी रीत आहे, तिच्यावरून हे नाव पडले. रोज एक नवे चित्र देण्याचा संकल्प होता आणि तो पाळण्यासाठी चित्रकार, शिळा घासणारे, यंत्र फिरवणारे आणि प्रती पोचवणारे अशी मोठी फळी अहोरात्र राबत असे. नासपतीवरून पुन्हा शिक्षा झाल्यावर निकालपत्र छापण्याचा आदेश आला. 27 फेब्रुवारी 1834 च्या अंकात पहिल्या पानावर ते शब्दशः छापले गेले. जुळाऱ्यांनी त्याच्या ओळी मात्र अशा लांब-आखूड लावल्या की सारा मजकूर नासपतीच्या आकारात बसला.

याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पॅरिसमधला उठाव चिरडताना सैनिक त्रान्सनोनँ रस्त्यावरील 12 नंबरच्या घरात शिरले आणि त्यांनी निःशस्त्र रहिवाशांना ठार केले. दोमिए यांनी त्या खोलीचे चित्र काढले. विस्कटलेला पलंग आहे, रात्रीच्या कपड्यांतला एक मृत माणूस आहे आणि त्याच्या अंगाखाली मूल आहे. यात विनोद नाही, राजाही नाही, तरी आरोप कोणावर आहे हे प्रत्येकाला कळले. हे चित्र ‘मासिक मंडळा’तर्फे निघाले. दुकानात ते पाहायला लोकांची रीघ लागली, आणि सरकारने हाती लागलेल्या प्रती व मूळ शिळा नष्ट केली.

28 जुलै 1835 रोजी राजाच्या मिरवणुकीवर फिएस्की याने 25 नळ्यांच्या बंदुकयंत्रातून गोळ्या झाडल्या. लुई-फिलिप थोडक्यात वाचले, परंतु 18 जणांचा बळी गेला. राजाची सतत केलेली टिंगलच या हल्ल्याला कारणीभूत आहे असा सूर सरकारने लावला. 9 सप्टेंबरच्या कायद्यांनी चित्र छापण्याआधी परवानगी घेण्याची सक्ती झाली आणि पॅरिसच्या दैनिकांची अनामत 1 लाख फ्रँकपर्यंत नेली गेली. सनदेने सेन्सॉरशिप कायमची रद्द केलेली असताना हे कसे, यावर सरकारचा युक्तिवाद असा होता की सनद मतांना संरक्षण देते, आणि चित्र हे मत नसून थेट डोळ्यांना भिडणारी कृती आहे. व्यंगचित्राच्या ताकदीची याहून मोठी कबुली त्याच्या चाहत्यांनीही कधी दिली नव्हती. कायदा येण्याआधीच, 27 ऑगस्ट 1835 रोजी, 251 अंकांनंतर ‘ला कारिकातूर’ने वाचकांचा निरोप घेतला.

नवी वाट : 1835 ते 1851

राजाचे चित्र काढण्यास बंदी झाली, परंतु राजाच्या राज्यात जे चालले होते ते काढता येत होते. ‘ल शारिव्हारी’ने आपला मोर्चा समाजाकडे वळवला. 1836 पासून फिलिपों यांच्या कल्पनेतून आणि दोमिए यांच्या हातून रोबेर माकेर या ठगाची 100 चित्रांची मालिका साकारली. माकेर कधी खोट्या कंपनीचे समभाग विकतो, कधी वकील होतो, कधी वैद्य. पैशालाच प्रतिष्ठा मानणाऱ्या त्या राजवटीचे ते बिनराजाचे राजचित्र होते. गाव्हार्नी यांनी शहरी जीवनाच्या नाजूक छटा टिपल्या. दैनिकाची मालकी पुढे बदलली तरी ओबेर यांच्या पेढीचा चित्रांचा व्यवसाय वाढत गेला. 1840 नंतर तिने बोर्सच्या चौकात मोठ्या जागेत स्थलांतर केले आणि शहरातील नमुनेदार माणसांवरच्या खिशात मावणाऱ्या सचित्र पुस्तिका मोठ्या संख्येने काढल्या.

24 फेब्रुवारी 1848 रोजी लुई-फिलिप यांनी गादी सोडली आणि ते वेषांतर करून इंग्लंडला गेले. ज्या पेढीच्या चित्रांवर त्यांच्या सरकारने बंधने घातली होती, ती तेव्हाही उभी होती. त्याच वर्षी फिलिपों यांनी हसण्यासाठीच असे सांगणारे ‘ल जूर्नाल पूर रीर’ हे नवे पत्र काढले आणि गुस्ताव्ह दोरे, नादार अशा तरुणांना संधी दिली. दोरे तर तेव्हा शाळकरी वयाचे होते. दोमिए यांनी रातापोल हे पात्र निर्माण केले. लुई नेपोलियन बोनापार्ट यांच्यासाठी गावोगाव मते फिरवणारा, झिजलेल्या कोटाचा आणि सोटा बाळगणारा हा हस्तक पुढे काय वाढून ठेवले आहे याचा इशारा देत होता. 2 डिसेंबर 1851 रोजी लुई नेपोलियन यांनी घडवलेल्या सत्तांतराने तो खरा ठरला.

दुसऱ्या साम्राज्याची वर्षे आणि मुक्ती : 1852 ते 1881

याच लुई नेपोलियनच्या, म्हणजे सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या, राजवटीत चित्रांवरची पूर्वपरवानगी पुन्हा लागू झाली. इतकेच नव्हे, तर ज्याचे व्यंगचित्र काढायचे त्या व्यक्तीची लेखी संमतीही घ्यावी लागे. हा काळ पेढीच्या माणसांसाठी खडतर गेला. 1860 मध्ये ‘ल शारिव्हारी’ने दोमिए यांना कमी केले. त्यांनी ओढाताणीत दिवस काढले आणि 1863 मध्ये त्यांना परत बोलावण्यात आले. फिलिपों यांचे 1862 मध्ये निधन झाले. त्यांनी घालून दिलेली रीत मात्र पुढच्या पिढीने उचलली. आंद्रे गिल यांनी ‘ला ल्यून’मध्ये 1867 साली सम्राटाला रोकांबोल या कादंबरीतल्या भामट्याच्या वेषात दाखवले. ते पत्र बंद पडले, आणि ‘चंद्र’ गेल्यावर ‘ग्रहण’ या अर्थाच्या ‘लेक्लिप्स’ नावाने गिल पुन्हा हजर झाले. 1868 मध्ये त्यांच्या एका खरबुजाच्या चित्रावरही खटला भरला गेला. फळांची भीती राजवट बदलली तरी गेली नव्हती.

1870 च्या सप्टेंबरमध्ये साम्राज्य कोसळले. दोमिए यांनी त्यानंतर दोनेक वर्षे काम केले. दृष्टी मंदावत गेल्याने 1872 मध्ये त्यांनी शिळेवरचे काम थांबवले. सुमारे 4,000 शिळाछाप चित्रे मागे ठेवून 1879 मध्ये व्हाल्मोंद्वा येथे त्यांचे निधन झाले. 29 जुलै 1881 च्या कायद्याने फ्रान्समध्ये वृत्तपत्रस्वातंत्र्य प्रस्थापित झाले आणि चित्रांवरची पूर्वपरवानगीही संपली. फिलिपों यांनी ज्यूरींपुढे मांडलेल्या प्रश्नाला पन्नास वर्षांनी कायद्याने दिलेले हे उत्तर होते. तो कायदा, वेळोवेळी सुधारला गेला असला, तरी आजही फ्रान्समधील वृत्तपत्रस्वातंत्र्याचा पाया आहे.

वारसा

‘ल शारिव्हारी’ 1937 पर्यंत चालले. उत्तरायुष्यात त्याची धार पूर्वीची राहिली नव्हती. तरीही 1874 मध्ये लुई लरुआ यांनी त्याच्याच पानांवर टिंगलीने योजलेले ‘इंप्रेशनिस्ट’ हे नाव चित्रकलेच्या एका युगाला कायमचे चिकटले. या दैनिकाचे बीज दूरवर गेले. 17 जुलै 1841 रोजी लंडनला ‘पंच’ निघाले, तेव्हा त्याने आपले उपनावच ‘लंडनचे शारिव्हारी’ असे ठेवले. ‘पंच’च्या पावलावर पाऊल ठेवून मुंबईत 1854 मध्ये ‘पारसी पंच’ आले. लखनौला 1877 मध्ये ‘अवध पंच’ आले आणि मराठीत ‘हिंदुपंच’ निघाले. ‘पारसी पंच’ पुढे ‘हिंदी पंच’ झाले आणि बर्जोरजी नौरोजी यांच्या संपादकत्वाखाली त्याने व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यावर इतकी चित्रे छापली की त्यांचा स्वतंत्र संग्रह प्रसिद्ध झाला. व्यंगचित्राला वाहिलेले ‘मार्मिक’ 1960 मध्ये मराठीत आले, तेव्हा या परंपरेचे भारतातले वय शंभराच्या पुढे गेलेले होते.

वृत्तपत्र एका दिवसासाठी छापले जाते आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. ते पुढच्या पिढीपर्यंत पोचायचे तर कोणीतरी ते जपावे लागते. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने या पेढीची चित्रे सांभाळली आणि दोमिए यांच्या मातीच्या अर्धपुतळ्यांपैकी वाचलेले 36 आज ओर्से संग्रहालयात आहेत. लोय देल्तेय यांनी दोमिए यांच्या शिळाछापांची क्रमवार सूची करण्यासाठी वर्षे खर्ची घातली. असेच काम आपल्याकडे भोपाळमध्ये 1984 पासून माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालय करीत आले आहे. मराठी घरात जन्मून हिंदी पत्रकारिता घडवणाऱ्या आणि ‘हिंदी केसरी’पायी 1908 मध्ये अटक सोसणाऱ्या संपादकाचे नाव त्याला दिले आहे, हे औचित्यपूर्ण आहे.

या पेढीने तीन राजवटींचा शेवट पाहिला. हे यश एकट्या फिलिपों यांच्या कल्पकतेचे नाही आणि एकट्या दोमिए यांच्या प्रतिभेचेही नाही. दुकान उघडे ठेवणारे ओबेर, खटल्यात उभे राहिलेले मुद्रक, निकालपत्राच्या ओळी नासपतीत बसवणारे जुळारी, शिळा घासणारे कामगार आणि दरमहा एक फ्रँक भरून दंड वाटून घेणारे वर्गणीदार, या साऱ्यांनी मिळून ही संस्था उभी ठेवली. राज्यकर्त्याचे चित्र काढणारा व्यंगचित्रकार आज जिथे निर्धास्तपणे आपले काम करतो, तिथे त्याच्या पाठीशी या साऱ्यांची पुण्याई आहे.